कंसातलं एक वाक्य आणि २४,२५० पौंड

पत्र:
आम्ही दोघं आठ वर्षं इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये भाड्याने राहतोय. आता ३,८५,००० पौंडांचा दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडला आणि आमची ऑफर मालकाने मान्य केली. आता सॉलिसिटर, म्हणजे घरखरेदीचे कागद बघणारा वकील, नेमायचा आहे. एजंट म्हणतो, आमचाच सॉलिसिटर घ्या म्हणजे काम लवकर होईल. ह्यांचा ऑफिसमधला मित्र म्हणतो, ऑनलाइन ६०० पौंडांत होतं. मंडळाच्या गणपतीत भेटलेले एक काका म्हणाले, आपला मराठी माणूस आहे, त्याच्याकडे जा. कोणाचं ऐकायचं? सासरे पुण्याहून ३०,००० पौंड पाठवणार आहेत. (त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटवर ह्यांचंही नाव आहे, पण तो फ्लॅट तसा सासऱ्यांचाच.) सासूबाईंना गृहप्रवेश दसऱ्याला हवाय. पुढे नेमकं काय काय होतं तेही सांगाल का? पुण्यात रजिस्ट्रेशनला गेले होते तेवढाच माझा अनुभव.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर:
तुम्ही विचारलंय सॉलिसिटरबद्दल, पण मी सुरुवात करते तुमच्या कंसातल्या वाक्यापासून. जाता जाता लिहिलेलं ते वाक्य तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

मुद्रांक शुल्क इथेही घेणाऱ्यालाच भरावं लागतं. फरक असा की इथे घराच्या किमतीइतकंच घेणारा कोण आहे यालाही महत्त्व असतं. पहिलंच घर घेणाऱ्याला ५,००,००० पौंडांपर्यंतच्या घरावर सवलत मिळते: पहिल्या ३,००,००० वर शून्य, वरच्या रकमेवर ५ टक्के. तुमच्या फ्लॅटला हा हिशेब लावला तर ४,२५० पौंड होतात. हाच आकडा तुमच्या डोक्यात असणार, कारण ऑनलाइन कॅल्क्युलेटर तोच दाखवतो. पण 'पहिलं घर' याचा अर्थ इंग्लंडमधलं पहिलं असा नाही. जगात कुठेही, विकत, बक्षीस म्हणून किंवा वारशाने, तुमच्यापैकी एकाच्याही नावे कधी घर झालं असेल, तर दोघांनी मिळून घेताना ही सवलत मिळत नाही. मग नेहमीचा दर लागतो. एप्रिल २०२५ पासून तो १,२५,००० पर्यंत शून्य, पुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के आहे. म्हणजे ९,२५० पौंड.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण ज्याच्या नावे दुसरीकडे घर आहे त्याला नव्या घराच्या संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के अधिभार पडतो. ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत हा ३ टक्के होता. तुमच्या बाबतीत तो १९,२५० होतो आणि एकूण शुल्क २८,५००. कॅल्क्युलेटरने दाखवलेल्या आकड्यापेक्षा २४,२५० पौंड जास्त. सासरे पाठवणार आहेत त्यातले बहुतेक पैसे यातच जातील.

"मग मी एकटीच्याच नावावर घेते" हा विचार मनात आला असेल तर थांबा. या अधिभारासाठी नवरा-बायको एकच धरतात. नाव कागदावर नसलं तरी नवऱ्याचं कोथरूड मोजलं जातं, आणि अधिभार लागू झाला की पहिल्या घराची सवलतही गेली. "नंतर कोथरूड विकलं की परत मिळतात" असंही कोणी तरी सांगेल. ती परतफेड राहतं घर बदलणाऱ्यांसाठी आहे, आणि तुम्ही आठ वर्षांत कोथरूडला राहिलेला नाहीत.

सुटायच्या वाटा दोनच दिसतात. परदेशातल्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांच्या आत असेल तर तो हिस्सा अधिभारासाठी धरत नाहीत. कोथरूडचे भाव पाहता फार आशा नको, पण हिस्सा किती टक्के लिहिलाय ते खरेदीखतात बघा. दुसरी वाट म्हणजे इथलं घर ताब्यात येण्याआधी ह्यांनी आपला हिस्सा वडिलांना रीतसर देऊन टाकायचा. त्याने अधिभार टळतो. 'कधीही मालक नव्हते' ही अट मात्र ह्यांच्यासाठी कायमची गेली. हिस्सा देण्याचा दस्त कोणता करायचा, पुण्यात त्यावर किती मुद्रांक बसतो आणि दीर-नणंदा असतील तर पुढे वाटणीत काय होतं, हे तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय इकडच्या घाईपोटी सही करू नका. 'नाव आहे पण फ्लॅट सासऱ्यांचाच' हे इथलं कर खातं ऐकून घेईलही, पण पैसे कोणी भरले आणि खरेदीखतात काय लिहिलंय ते पाहूनच. आणि कोथरूड सांगायचंच नाही, असं जर ह्यांच्या मित्राने सुचवलं, तर एवढं लक्षात ठेवा: शुल्काचं विवरणपत्र सॉलिसिटर भरतो, पण त्यातल्या माहितीची जबाबदारी तुमची असते.

आता सॉलिसिटर. वरचा सगळा प्रकार पहिल्या फोनवर कोण ओळखतो, तीच तुमची परीक्षा. तिघांनाही फोन करा आणि कोथरूडचं वाक्य सांगा. "ओके, नो प्रॉब्लेम" म्हणणाऱ्याचं नाव खोडा. "थांबा, हिस्सा किती आहे?" असं विचारणाऱ्याशी पुढे बोला. बऱ्याच कचेऱ्या कराबाबत सल्ला देत नाहीत आणि कामाच्या करारपत्रात तसं लिहूनही टाकतात. यात गैर काही नाही. असा माणूस जर म्हणाला की यासाठी आधी करसल्लागाराकडे जा, तर तो प्रामाणिक आहे.

मी इथल्या अशा एका कचेरीत बारा वर्षं फायली सांभाळल्या, म्हणून तुमच्या तिन्ही सल्लागारांबद्दल थोडं आतलं सांगते. एजंट ज्याचं नाव सुचवतो त्याच्याकडून त्याला बहुधा दलाली मिळते. ती लपवता येत नाही, विचारलंत तर सांगावीच लागते. म्हणून विचारा. काही वेळा तो सॉलिसिटर चांगलाही असतो. पण "आमचा घेतला नाहीत तर मालक दुसऱ्याला देईल" अशी भाषा सुरू झाली तर ते नियमाला धरून नाही, आणि तसं तोंडावर सांगायला हरकत नाही. एजंट मालकाचा असतो. त्याला कमिशन घर विकल्यावर मिळतं, न विकल्यावर नाही, आणि तुम्हाला हवा असतो प्रसंगी "हे घर घेऊ नका" म्हणू शकणारा माणूस.

६०० पौंडांच्या जाहिरातीत ६०० ही फक्त सुरुवात असते. त्यावर लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचं घर) म्हणून जादा, कर्ज आहे म्हणून जादा, घरच्यांकडून पैसे येणार म्हणून जादा, ओळख तपासणी, मुद्रांकाचं विवरणपत्र, पैसे पाठवण्याचा खर्च आणि या सगळ्या फीवर २० टक्के व्हॅट. शिवाय सर्च (घराबद्दलच्या सरकारी नोंदींची चौकशी) आणि नोंदणीची फी, जी सगळीकडे साधारण सारखीच पडते. म्हणून तिघांकडून सगळ्याचा मिळून आकडा लेखी घ्या आणि तेच शेजारी शेजारी ठेवा. मला स्वस्तपणाची भीती नाही, मला भीती आहे ती कॉल सेंटरची. माझी फाईल कोणाच्या टेबलावर असेल, त्याचं नाव काय, थेट फोन लागतो का, तो सुट्टीवर गेला की कोण बघणार, हे विचारा. फोनवर दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून कथा, असं झालं की तीन महिन्यांचं काम पाच महिन्यांवर जातं.

आणि आपला माणूस. मराठीत बोलता येणं ही मोठी सोय आहे. सासऱ्यांना पैशांचे कागद समजावून सांगताना तर फारच. पण काकांच्या ओळखीचा हा माणूस रोज घरखरेदीचं काम करतो का? व्हिसाची कामं उत्तम करणारा सॉलिसिटर घराच्या लीजमध्ये चाचपडतो, जसा पुण्यातला फौजदारी वकील सातबाऱ्याच्या फेरफारात चाचपडेल. दुसरी अडचण अवघड जागेचं दुखणं आहे: ओळखीच्या माणसाला आठवड्यातून तीनदा फोन करून "काम कुठवर आलं?" विचारायची आपल्याला भीड पडते. आणि या कामात विचारत राहावंच लागतं.

कोणीही निवडा, आधी त्याचं नाव नियामकाच्या यादीत शोधा. सॉलिसिटरांसाठी सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, आणि फक्त घरखरेदीचंच काम करणारे लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असतात, त्यांच्यासाठी त्यांची वेगळी कौन्सिल. तुमच्या कामाला दोन्ही चालतात. तो तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, हवा, नाहीतर बँक आपला वेगळा वकील नेमते आणि त्याचा खर्च तुमच्याकडून घेते. शिवाय दोन प्रश्न तुमच्यासाठी खास. भारतातून येणारा पैसा तुम्ही स्वीकारता का? आणि इमारत ११ मीटरपेक्षा उंच असेल तर काम घेता का? या दोन्हींवर काही कचेऱ्या सरळ नाही म्हणतात, आणि ते सहा आठवड्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

उंचीचं कारण ग्रेनफेल. १४ जून २०१७ ला लंडनमधल्या त्या टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, आणि मग देशभरच्या इमारतींच्या भिंतींवरचं आवरण तपासायची वेळ आली. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींमध्ये दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसायचा याची चौकट घातली, आणि त्यासाठी विकणाऱ्याकडून काही प्रमाणपत्रं लागतात. ती नसतील तर बँक अडते. तुमची इमारत किती मजली आहे ते पत्रात लिहिलेलं नाहीत. एजंटला आजच विचारा.

इथला फ्लॅट बहुतेक वेळा लीजहोल्ड असतो, म्हणजे जमीन आणि इमारत दुसऱ्याची, तुम्ही घेता ती उरलेली वर्षं. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवर राहिलेल्यांना हे पटकन कळतं, पुणेकरांना वेळ लागतो. उरलेली वर्षं ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं एकदम महाग होतं. २०२४ च्या नव्या कायद्याने हे बदलायचं ठरलंय, पण त्यातली सगळी कलमं अजून लागू झालेली नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर ७८ वर्षांची लीज घेऊ नका. हे तपासायला सॉलिसिटरची वाट बघायचीही गरज नाही. लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवरून ७ पौंडांत कोणीही त्या फ्लॅटचा उतारा काढू शकतं. मालक कोण, कर्ज कोणाचं, लीज कधीपासून किती वर्षांची, सगळं त्यात असतं. सरकारीच साइट आहे याची खात्री करा, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइटी त्याचेच तिप्पट-चौपट घेतात.

हा उतारा आणि आपला इंडेक्स टू यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो. तुम्ही फोटो काढून, अंगठे देऊन आलात, तरी विकणारा खरा मालक होता याची हमी सरकार घेत नाही. म्हणून तर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. इथे रजिस्टरमध्ये जो मालक लिहिलेला आहे त्याच्या मालकीमागे सरकार उभं असतं. त्यामुळे इथला सॉलिसिटर जुन्या पिढ्या खणत बसत नाही, तो बघतो घराभोवतीच्या अडचणी. नगरपालिकेचा सर्च, पाणी-सांडपाण्याचा, पूर आणि प्रदूषणाचा. विकणाऱ्याने भरलेला घराच्या माहितीचा तक्ता येतो, त्यात शेजाऱ्याशी भांडण झालंय का हाही प्रश्न असतो. फ्लॅट असल्याने इमारतीच्या व्यवस्थापकाकडून वेगळी माहिती मागवतात, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. त्यातलं तुम्ही स्वतः वाचायचं ते म्हणजे तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे, म्हणजे मेंटेनन्सचे, हिशेब, आणि छत किंवा लिफ्ट बदलायचं मोठं काम ठरलंय का ते. आज मेंटेनन्स कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी छतासाठी प्रत्येकी आठ हजार मागतात, असं होतं. भुईभाडं (जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं) दर काही वर्षांनी दुप्पट होणारं असेल तर मुद्दाम विचारा.

बँकेचा माणूस घर बघून गेला म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. तो बँकेच्या पैशांपुरतं बघतो. स्वतःचा सर्व्हेअर वेगळा लावा.

सासऱ्यांच्या पैशांची तयारी मात्र आजपासून. इथला सॉलिसिटर पैसा कुठून आला हे विचारतोच, कायद्याने त्याला विचारावंच लागतं. नुसतं "वडिलांनी दिले" पुरत नाही. वडिलांच्या पासपोर्टची प्रत, काही महिन्यांची बँक स्टेटमेंट, आणि मोठी रक्कम एकदम जमा झालेली दिसली तर तिचा उगम: मुदत ठेव मोडली, जमीन विकली, निवृत्तीचे पैसे. खरेदीखत मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर मागतील. ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही, अशा पत्रावर त्यांची सही लागेल. सासऱ्यांना हे अपमानास्पद वाटू शकतं ("माझ्या मुलाला पैसे देतोय, यांना काय करायचंय?"), तेव्हा तुम्हीच आधी फोन करून सांगा. नावांकडेही बघा. पासपोर्टवर मधलं नाव आहे, बँकेत नाही, तुमचं माहेरचं नाव अजून एखाद्या खात्यावर आहे. मराठी घरांच्या फायली यावर हमखास अडतात.

तिकडून पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे मर्यादेची अडचण नाही. पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केलेला आयकर) घेते. तो सासऱ्यांना आयकर विवरणपत्रात वळता मिळतो, पण हातात तेवढे जादा लाख त्या वेळी असायला लागतात. सासूबाईंचे स्वतःचे पैसे असतील तर त्यांची मर्यादा वेगळी मोजतात. पैसे आले की सॉलिसिटरकडे थेट नको, आधी तुमच्या इथल्या खात्यात, आणि तेही त्याला विचारून.

पुढचा टप्पा पुण्यापेक्षा फार वेगळा आहे. ऑफर मान्य झाली याचा इथे कायद्याने काहीच अर्थ नाही. टोकन नाही, साठेखत नाही. मालक उद्या पाच हजार जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो, तुम्हीही पाय मागे घेऊ शकता. हे सगळं एका क्षणी थांबतं, तो म्हणजे एक्स्चेंज. दोन्ही बाजूंनी सह्या केलेले करार आपापल्या सॉलिसिटरकडे असतात, ते दोघे फोनवर बोलतात आणि त्या फोनपासून व्यवहार पक्का. तोपर्यंत तुम्ही साधारण १० टक्के, म्हणजे ३८,५०० पौंड, आपल्या सॉलिसिटरकडे भरलेले असतात. त्यानंतर माघार घेतलीत तर ते गेले. मग ठरलेल्या तारखेला उरलेले पैसे एका बँकेतून दुसरीकडे जातात, एजंटचा फोन येतो, किल्ली मिळते. त्याला कम्प्लिशन म्हणतात. मुद्रांक १४ दिवसांत भरला जातो. कुठल्याही कचेरीत रांग नाही, सॉलिसिटरचं तोंडही कदाचित दिसणार नाही. (हे इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.)

एका गोष्टीची भीती मात्र बाळगा. पैसे भरायच्या दिवशी "आमचं बँक खातं बदललंय" अशी ईमेल आली, अगदी सॉलिसिटरच्या पत्त्यावरून आली, तरी पैसे पाठवू नका. चोर ईमेलमध्ये शिरून नेमकी अशा दिवसाची वाट बघत असतात. पहिल्याच भेटीत खाते क्रमांक लिहून घ्या आणि पाठवण्याआधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आकडा आकडा जुळवा.

सह्या करताना सॉलिसिटर विचारेल, मालकी एकत्र की हिश्श्यांनी? एकत्र घेतलंत तर एकाच्या मागे आपोआप दुसऱ्याचं. हिश्श्यांनी घेतलंत तर ज्याचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्राने जातो. बहुतेक जोडपी पहिलं घेतात. कोणाच्या माहेरहून जास्त पैसे आले असतील तर दुसऱ्याचा विचार करा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

राहिला सासूबाईंचा दसरा. कम्प्लिशन कामाच्या दिवशीच होतं, तारीख एक्स्चेंजला ठरते, आणि विकणारा स्वतः कुठे तरी दुसरं घर घेत असेल तर त्याच्या मागची साखळीही त्या तारखेला तयार हवी. ऑफरपासून किल्लीपर्यंत तीन ते पाच महिने धरा, लीजहोल्डला जास्तच. किल्ली मिळेल तेव्हा घ्या, वास्तुशांत दसऱ्याला करा, असं त्यांना पटवता येतंय का बघा. भाड्याच्या घराची नोटीस मात्र कोणीही कितीही पक्कं सांगितलं तरी एक्स्चेंजचा फोन होईपर्यंत देऊ नका. आणि तिन्ही सॉलिसिटरांना फोन करण्याआधी ह्यांना कोथरूडच्या खरेदीखताची प्रत पुण्याहून मागवायला सांगा. पहिला प्रश्न त्यावरचाच येईल, निदान यायला हवा.